चुन्याची कसोटी : जुन्नर-आंबेगाव परिसरातील बांधकामाचा एक अध्याय

सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या जुन्नर आणि आंबेगाव या तालुक्यांची भूमी काळ्या पाषाणाची आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून हा दगड तयार झाला. मानवाने येथे वस्ती केल्यानंतर या दगडाशी त्याचे पहिले मोठे नाते जडले, ते कोरण्याचे. नाणेघाटाच्या व्यापारी मार्गावर सातवाहनांच्या काळात जुन्नर भरभराटीस आले आणि लेण्याद्री, तुळजा, मानमोडी व शिवनेरीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी खोदली गेली. पुणे जिल्ह्यातीलच मावळात पाले येथील लेण्यात ‘नमो अरहंतानं’ या वंदनाने आरंभ होणारा प्राचीन शिलालेख आहे आणि त्यात लेणे व पाण्याची पोढी करविल्याचा उल्लेख आहे. या सर्व कामांत सांधा नाही. कोरणे म्हणजे अखंड दगडातून नको तो भाग काढून टाकणे. बांधणे म्हणजे सुटे दगड एकत्र राखणे. त्यासाठी सांध्याचा विचार करावा लागतो, आणि सांध्याचा विचार आला की चुन्याचा विचार येतो.

मधल्या काळातील देवालयांनी हा प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला. कुकडीच्या उगमाजवळ पूर येथे असलेले कुकडेश्वर मंदिर किंवा खिरेश्वरचे नागेश्वर मंदिर पाहिले, तर घडीव दगड एकमेकांवर नेमके बसविलेले दिसतात. खांब, त्यावर तुळई, त्यावर छत अशी ही रचना असते. भार सरळ खाली उतरतो आणि दगड आपल्याच वजनाने जागेवर राहतात. येथे सांधण्याच्या द्रव्यावर फारसे काही अवलंबून नाही. सारे अवलंबून आहे ते पाथरवटाच्या छिन्नीवर.

मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाहीची स्थापना केली. तिचा आरंभ जुन्नरातूनच झाला. त्या सुमारास कमान आणि घुमट यांचे बांधकाम या परिसरात रुजले. शिवनेरीवरील कमानी मशीद आणि जुन्नरजवळ हापूसबागेतील भव्य गुंबज ही त्या परंपरेची ठळक उदाहरणे होत. कमानीत आणि घुमटात भार तिरपा वाहतो. दगड किंवा विटा लहान असतात, त्यांच्या मधल्या फटी असंख्य असतात, आणि प्रत्येक फट भरणारे द्रव्य भार पुढे पोहोचविण्याइतके समर्थ असावे लागते. पुढे पेशवाईत आणि त्यानंतर बांधल्या गेलेल्या वाडे, वेशी, घाट, मंदिरे व धर्मशाळांतही खाली दगड, वर वीट आणि सर्वत्र चुना हीच पद्धत राहिली. म्हणजेच वास्तूची मजबुती पाथरवटाच्या हातून काही अंशी चुनेवाल्याच्या हाती गेली.

चुना आला कोठून?

येथे एक अडचण होती. काळ्या पाषाणाच्या प्रदेशात चुनखडकाचे डोंगर नाहीत. मात्र काळ्या मातीत, ओढ्यांच्या काठी आणि नदीच्या दरडींत चुनखडीचे पांढरट खडे सापडतात. पाण्यात विरघळलेला चुना मातीच्या थरांत साचून हे खडे बनतात. बनताना ते भोवतालची चिकणमातीही पोटात घेतात. लोणारी समाजाने पिढ्यान्पिढ्या हे खडे वेचून, धुऊन, लाकूड व कोळशाच्या भट्टीत भाजून चुना तयार केला. दख्खनच्या बांधकामाचा इतिहास सांगताना राजे, सरदार आणि कारभारी यांची नावे येतात. लोणाऱ्यांचा उल्लेख क्वचितच होतो, परंतु वास्तू उभ्या राहिल्या त्या त्यांच्या भट्टीच्या बळावर.

भट्टीत घडते ते असे. सुमारे ९०० अंश उष्णतेला चुनखडीतील वायू निघून जातो. शुद्ध चुनखडीचे १०० किलो भाजले तर ५६ किलो कळीचा चुना उरतो. त्यावर पाणी टाकले की तो फसफसतो, तापतो, फुगतो आणि विरतो. विरवलेला चुना वाळूबरोबर मळून भिंतीत भरला, की तो हवेतील तोच वायू हळूहळू परत शोषून घेतो आणि पुन्हा दगड होतो. हा झाला शुद्ध चुन्याचा प्रकार. तो हवेशिवाय घट्ट होत नाही, त्यामुळे जाड भिंतीच्या पोटात तो वर्षानुवर्षे मऊ राहू शकतो आणि पाण्यात तर टिकतच नाही.

दख्खनच्या चुनखडीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यात असलेली चिकणमाती चुन्याबरोबर भाजली जाते आणि तिच्यातील सिलिका चुन्याशी संयोग पावते. असा चुना हवा नसतानाही, ओलाव्यातही घट्ट होतो. शुद्धतेच्या दृष्टीने जी चुनखडी हलकी, तीच मजबुतीच्या दृष्टीने सरस ठरली. जेथे ही देणगी अपुरी पडे, तेथे गवंडी भाजलेल्या विटांचा भुगा, म्हणजे सुरखी, चुन्यात मिसळत. प्राचीन रोममध्ये हेच काम ज्वालामुखीच्या राखेने केले होते. योगायोग असा की जुन्नर तालुक्यातील बोरी येथे कुकडी नदीच्या काठावर ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. त्याच्या काळाविषयी संशोधकांत मतभेद आहेत आणि अनेक जण त्याचा संबंध सुमारे ७५ हजार वर्षांपूर्वी सुमात्रा बेटावर झालेल्या तोबा ज्वालामुखीच्या उद्रेकाशी जोडतात. त्या थराचे महत्त्व आदिमानवाच्या इतिहासासाठी आहे, परंतु द्रव्य म्हणून राख आणि सुरखी यांची जातकुळी एकच.

गवंड्याची परीक्षा

विरवलेला चुना घाणीत मळला जाई. गोलाकार दगडी चरात चुना, वाळू व सुरखी घालून त्यावरून बैलांनी ओढलेले दगडी चाक फिरवीत. अशा घाण्यांचे अवशेष महाराष्ट्रातील किल्ल्यांवर अजूनही दिसतात. मळणी जितकी अधिक, तितका चुन्याचा प्रत्येक कण वाळूला चिकटून बसे. काही ठिकाणी गूळ, बेलफळाचा गर, उडदाचे पाणी आणि हिरड्याचा काढाही घालीत. हिरडा हे तर जुन्नर-आंबेगावच्या पश्चिम पट्ट्याचे वैभव होय. येथील महादेव कोळी कुटुंबे पिढ्यान्पिढ्या बाळहिरडा गोळा करीत आली आहेत. हिरड्यातील तुरट द्रव्य आणि गुळातील साखर यांचा चुन्याच्या घट्ट होण्याच्या वेगावर व चिकटपणावर परिणाम होतो. ही सारी द्रव्ये वनस्पतिजन्य आहेत, ही बाब अहिंसाधर्म पाळणाऱ्या समाजाच्या वास्तूंसाठी समाधानाची आहे.

त्या काळी प्रयोगशाळा नव्हती, परंतु परीक्षा होती. चुना विरताना किती तापतो, किती वेळात फुलतो, मागे न विरलेले किती खडे राहतात, हे पाहिले जाई. मळलेला चुना थापीला कसा चिकटतो, वाळलेल्या सांध्यावर नख उमटते की नाही, यावरून अनुभवी गवंडी निर्णय देई. ही परीक्षा खरी होती, पण ती एका माणसाच्या हातात राही. गवंडी गेला की त्याची परीक्षाही जाई. लिहून ठेवलेला आकडा मागे राहत नसे.

परीक्षेला शास्त्राचे रूप

१७५६ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळील एडिस्टन खडकावर दीपगृह बांधण्याचे काम जॉन स्मीटन या अभियंत्याकडे आले. लाटांच्या माऱ्यात टिकेल असा चुना त्याला हवा होता. त्याने ठिकठिकाणच्या चुन्यांचे गोळे करून पाण्यात ठेवले आणि चुनखडीचे नमुने आम्लात विरघळवून पाहिले. ज्या चुनखडीत आम्लाने न विरघळणारी चिकणमाती मागे राहिली, तिचाच चुना पाण्यात घट्ट झाला. अशुद्ध चुना मजबूत का, या प्रश्नाचे उत्तर अशा रीतीने प्रथमच प्रयोगातून मिळाले. पुढे १८१८ मध्ये लुई विका या फ्रेंच अभियंत्याने चुन्यावरील आपले संशोधन प्रसिद्ध केले. चुना किंवा सिमेंट किती घट्ट झाले हे मोजणारी ‘विकाची सुई’ आजही प्रत्येक प्रयोगशाळेत वापरली जाते.

पुण्यात १८५४ मध्ये अभियांत्रिकी शिक्षणाची सुरुवात झाली आणि पुढील काही दशकांत पुणे जिल्ह्यात चुन्यात बांधलेली प्रचंड दगडी धरणे उभी राहिली. कर्नल फाइफ यांच्या योजनेतून मुठा नदीवरील खडकवासला धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले. भाटघरचे धरण १८९२ मध्ये पूर्ण झाले. जुन्नरच्या उत्तरेला लागून असलेल्या अकोले तालुक्यात प्रवरा नदीवर ८२ मीटर उंचीचे भंडारदरा धरण १९२६ मध्ये पूर्णत्वास गेले. वाड्याच्या भिंतीत चुना कमी पडला तर एक घर कोसळेल, पण धरणात कमी पडला तर खोरे वाहून जाईल. म्हणून चुन्याची परीक्षा आता केवळ गवंड्याच्या नखावर सोडता येणे शक्य नव्हते.

या धरणांचीही परीक्षा काळाने घेतली. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण फुटले आणि त्याचा लोंढा खडकवासल्यावर आदळला. ब्याऐंशी वर्षांचे ते दगडी धरण माथ्यावरून पाणी वाहत असतानाही काही तास टिकून राहिले आणि मग फुटले. भंडारदरा धरणात १९६९ मध्ये भेगा व मोठा पाझर आढळला. मागून आधारभिंती बांधून व ताण दिलेल्या पोलादी तारा घालून ते बळकट करण्यात आले. ते आजही उभे आहे. या दोन्ही घटनांचा बोध एकच. कोणतेही द्रव्य ‘मजबूत’ किंवा ‘कमकुवत’ असे नुसते म्हणणे निरर्थक आहे. किती भारासाठी, किती काळासाठी आणि कोणत्या परिस्थितीत, हे प्रश्न आधी विचारावे लागतात.

आकडे काय सांगतात?

भारतीय मानक संस्थेने बांधकामाच्या चुन्याचे प्रकार ठरवून दिले आहेत. १९८४ च्या आवृत्तीनुसार पाण्यात उत्तम घट्ट होणारा चुना ‘ए’ वर्गात, मध्यम घट्ट होणारा ‘बी’ वर्गात, तर शुद्ध चुना ‘सी’ वर्गात येतो. चुनखडीच्या खड्यांपासून केलेल्या चुन्याला ‘ई’ हा स्वतंत्र वर्ग आहे. एक भाग चुना व तीन भाग वाळू घेऊन ५० मिलिमीटर बाजूचे घन तयार करतात आणि ते यंत्रात दाबून फोडतात. ‘ए’ वर्गाच्या चुन्याने २८ दिवसांनी दर चौरस मिलिमीटरला किमान २.८ न्यूटन दाब सहन केला पाहिजे. म्हणजे त्या लहानशा घनावर सुमारे ७०० किलो भार पेलला पाहिजे. ‘बी’ वर्गासाठी ही मर्यादा १.७५ आहे. याउलट सिमेंटच्या सर्वांत साध्या प्रतीलाही २८ दिवसांत ३३ न्यूटन गाठावे लागतात.

हे दोन आकडे शेजारी ठेवले की चुना बारा पटींनी दुबळा ठरतो, आणि अनेक जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीत चुना बाजूला सारून सिमेंट आणले गेले ते याच समजुतीतून. पण आणखी एक आकडा मांडला की चित्र बदलते. काळ्या दगडाच्या बांधकामाचे वजन घनमीटरला सुमारे अडीच टन धरले, तर दहा मीटर उंचीच्या भिंतीच्या तळाशी स्वतःच्या वजनाचा दाब केवळ ०.२५ न्यूटन येतो. छप्पर व मजल्यांचा भार धरूनही तो फारसा वाढत नाही. म्हणजे ‘बी’ वर्गाच्या चुन्याचे बळ सुद्धा या गरजेच्या कित्येक पट आहे. भंडारदऱ्याएवढ्या ८२ मीटर उंच दगडी स्तंभाच्या तळाशी मात्र हाच हिशेब सुमारे २ न्यूटनवर जातो आणि त्यात पाण्याच्या रेट्याची भर पडते. धरणाला चुन्याची काटेकोर परीक्षा का लागली, आणि गावातील मंदिर, वाडा वा धर्मशाळा साध्या चुन्यात शेकडो वर्षे का टिकली, हे दोन्ही येथे एकदमच उलगडते.

बळापलीकडचेही काही गुण आहेत. चुन्याचा सांधा दगड-विटांपेक्षा मऊ असतो. पाया किंचित खचला किंवा उन्हाने भिंत फुगली, तर भेग सांध्यात पडते, दगडात पडत नाही. पावसाच्या पाण्यात विरघळलेला थोडा चुना त्या बारीक भेगेत पुन्हा साचून ती बुजवितो. भिंतीत शिरलेला ओलावा चुन्यातून बाहेरही पडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा चढविला, की ओलाव्याची वाट बंद होते, क्षार साचतात आणि विटांचे व मऊ दगडांचे पापुद्रे सुटू लागतात. भीमाशंकरपासून माळशेजपर्यंतच्या घाटमाथ्याचा पाऊस ज्यांना ठाऊक आहे, त्यांना याचे महत्त्व निराळे सांगावयास नको. घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात मूळचे आंबेगाव बुडाले. पाणी ओसरले की जुन्या गावठाणाचे अवशेष उघडे पडतात. दरवर्षी भिजणे आणि दरवर्षी वाळणे, यापेक्षा कठोर परीक्षा बांधकामाला क्वचितच द्यावी लागते.

जीर्णोद्धारापूर्वीची परीक्षा

नवे मंदिर उभारण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे जैन परंपरेत सांगितले जाते. शत्रुंजयावर शेठ कस्तुरभाई लालभाई यांच्या पुढाकाराने शिल्पी अमृतलाल त्रिवेदी यांनी जे कार्य केले, त्यात नवे काही चढविण्यापेक्षा मंदिरावर नंतर चढलेले गिलाव्याचे थर उतरवून मूळ शिल्प मोकळे करण्यावर भर होता. मूळ वास्तू समजून घेतल्याशिवाय तिला हात लावू नये, हा त्यातील धडा आहे. जुन्नर, मंचर, घोडेगाव, नारायणगाव, ओतूर अशा गावांत जी जुनी मंदिरे, उपाश्रय, धर्मशाळा व वाडे आहेत, त्यांच्या दुरुस्तीचा प्रश्न ज्या ज्या वेळी विश्वस्तांपुढे येतो, त्या त्या वेळी हाच धडा लागू पडतो.

त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. भिंतीच्या आतल्या सांध्यातून जुन्या चुन्याचा मूठभर नमुना काढून सौम्य आम्लात ठेवला, की चुना विरघळतो आणि वाळू व सुरखी मागे राहते. त्यावरून मूळ प्रमाण कळते. येथील काळ्या दगडाची वाळू आम्लात फारशी विरघळत नसल्यामुळे हा अंदाज बराचसा विश्वसनीय ठरतो. मात्र वाळूतच चुनखडीचे कण असतील, तर तेवढी फसगत संभवते. नव्याने आणलेल्या चुन्याचा घट्टसा गोळा करून सहा तासांनी पाण्यात ठेवावा. काही मिनिटांतच ढासळला तर तो शुद्ध चुना, थोडा फुगून राहिला तर मध्यम, आणि जसाच्या तसा राहिला तर पाण्यात उत्तम घट्ट होणारा, अशी ही मानक संस्थेनेच सांगितलेली जागेवरची परीक्षा आहे. स्मीटनच्या गोळ्यांची ती थेट वारसदार होय. त्यानंतर ठरलेल्या प्रमाणाचे घन करून जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात तपासून घ्यावेत. ते केवळ २८ दिवसांनी न तपासता ९० दिवसांनीही तपासावेत, कारण चुन्याचे बळ सावकाश वाढते. काम पावसाळा सरल्यावर सुरू करावे आणि सांधे बरेच दिवस ओले ठेवावेत.

या परीक्षेत संयम लागतो, आणि समारंभाची तिथी ठरलेली असताना संयम ठेवणे कठीण जाते. सिमेंटचे काम आठवड्यात उरकते आणि डोळ्यांना टणक दिसते. चुना मात्र तीन महिने थांबावयास लावतो. निर्णय विश्वस्तांनी घ्यावयाचा असतो आणि त्याचे परिणाम पुढच्या दोन-तीन पिढ्यांना दिसतात.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परीक्षेचे निष्कर्ष दप्तरात नोंदले जावेत. चुना कोठून आणला, वाळू कोणत्या नदीची, सुरखी किती, घन किती भाराला फुटला आणि काम कोणत्या महिन्यात झाले, एवढी नोंद एका पानावर मावते. जुन्या गवंड्यांचे ज्ञान त्यांच्याबरोबर गेले, कारण ते कोणी लिहून घेतले नाही. देणगीदारांची नावे संगमरवरावर कोरली जातात, ते योग्यच आहे. त्याबरोबर चुन्याचे हे एक पान जपले गेले, तर शंभर वर्षांनी पुन्हा जीर्णोद्धाराची वेळ येईल तेव्हा त्या काळच्या विश्वस्तांना भिंत फोडून शोध घ्यावा लागणार नाही.